अब्बांच्या दुर्बिणीला सव्वा इंची आयपीस

खडकी,
२२ फेब्रुवारी २०२६

माननीय कामरानसाहेब,

जिनत आपाची दुआ. इकडे सगळं ठीक. तिकडे काहीतरी बिनसलेलं दिसतंय, कारण तीन वर्षांत ईद मुबारकच्या फॉरवर्डपलीकडे ज्याची मजल गेली नाही, त्याने काल चक्क स्वतःच्या अंगठ्याने मजकूर टाइप केला. ‘आपा, बजेटमध्ये चांगला वाइड-फील्ड आयपीस सजेस्ट कर ना. चष्मा न काढता बघता येईल असा. अर्जंट.’

अर्जंट! का रे, आकाश भाड्याने आणलंयस?

उत्तर कागदावर देतेय. फोनवर तू अर्धं वाचतोस आणि अंगठा दाखवून मोकळा होतोस. पत्र मंतशाबरोबर पाठवते. माझी पोरगी आणि तिचा सख्खा मामा समोरासमोरच्या इमारतींत नोकरी करतात आणि सहा-सहा महिने एकमेकांना दिसत नाहीत, हे फक्त हिंजवडीतच जमावं. तुम्हाला म्हणे तिथून खडकीला येता येत नाही, ट्रॅफिक असतं. असतंच. पण कंपनीची बस माझ्या मुलीला रोज घरी आणून सोडते, तिच्यासाठी काही वेगळा रस्ता बांधलेला नाही.

तू दुर्बीण घेतलीस हेही मंतशाकडूनच कळलं. आठ इंची, आखूड नळीची, संगणकावर चालणारी. मुबारक हो. दुर्बीण घेण्याआधी विचारायचं असतं, हे तुला कोण सांगणार? घोडं घेतलं, आता लगामासाठी, म्हणजे डोळ्याजवळच्या त्या भिंगासाठी, आपा आठवली.

तर ऐक. आखूड नळीला दुकानदार ‘फास्ट’ म्हणतो आणि तुझ्यासारखं गिऱ्हाईक नवी गाडी घेतल्यासारखं खूश होतं. त्या आखूड नळीतून प्रकाश फार तिरका येतो आणि स्वस्तातल्या रुंद आयपीसला तो झेपत नाही. मधोमध तारा ताऱ्यासारखा दिसतो, कडेला गेला की भिंतीवर मारलेल्या डासासारखा. म्हणजे महागड्या दुर्बिणीला आयपीसही महागडाच लागतो. बजेट म्हणे!

भिंगातून किती रुंद दिसतं त्या अंशांचं सांगते, म्हणजे खोक्यावरचे आकडे वाचून भुलणार नाहीस. पन्नास अंशांचा आयपीस म्हणजे मोरीची खिडकी. अडुसष्टचा म्हणजे बैठकीची. ब्याऐंशीचा म्हणजे गॅलरी. आणि शंभराचा म्हणजे तुमच्या टॉवरमधलं ते काचेचं भिंताड, ज्याचे पडदे शिवता शिवता पगार संपतो. माणसाला बैठकीच्या खिडकीतून पुष्कळ दिसतं. झूमवाला घेऊ नकोस, जिथे रुंद हवा तिथेच तो अरुंद होतो. आणि ती बारा आयपीसांची चकचकीत पेटी मिळते ना, ती घेणाऱ्याला माझ्या शाळेतली सातवीची पोरंसुद्धा हसतात.

राहिला चष्म्याचा प्रश्न. तुला कुठे रे चष्मा आहे? चाळिशी यायला अजून अवकाश आहे आणि अक्कल यायला त्याहून जास्त. नेटवर कुणा म्हाताऱ्याने विचारलं असेल, ते तू जसंच्या तसं उतरवून काढलंस. परीक्षेतही हेच करायचास.

अब्बा बरे आहेत. डॉक्टरांनी रोजे बंद केले म्हणून माझ्यावर चिडतात, जसे काही मीच डॉक्टर. इफ्तारीला त्यांना शरबत अर्धा ग्लासच भरून देते. दाढीही हल्ली मीच नीट करून देते. पण बरे आहेत.

त्यांची दुर्बीण गच्चीवर आहे, चादर पांघरून. तिला तू आख्ख्या आळीसमोर काय म्हणाला होतास ते मी लिहीत नाही. तुझ्या लक्षात असेल. नसेल तर मग धन्यच आहे. या वेळी चांदरातीला ईदचा चंद्र बघायला गच्चीवर कुणाला बोलवायचं नाही, असं अब्बा म्हणतात. गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, असं कारण सांगतात. गुडघ्यांना काहीही झालेलं नाही.

उत्तर कागदावर दे. लिहिता येत असेल तर.

जिनत


हिंजवडी,
२६ फेब्रुवारी

आपा,

सलाम. मराठी हाताने लिहून किती वर्षं झाली माहीत नाही, चुका काढू नकोस. काढशीलच म्हणा.

चष्मा मला नाही. अब्बांना आहे. सिलिंडरचा नंबर आहे ना त्यांचा? चष्मा काढला की कितीही फोकस करा, ताऱ्याला शेपूट राहतं म्हणायचे. ते लक्षात होतं माझ्या. नेटवरून नाही उतरवलं.

दुर्बीण पण त्यांच्यासाठीच घेतली. प्लॅन असा आहे की चांदरातीला मी सगळा सेटअप घेऊन येतो, जुनी बाजूला करतो, नवीन लावतो, सरप्राइज. सॉरी म्हणायला मला जमत नाही गं. तोंडातून निघतच नाही. त्या दिवशी मी ॲपमध्ये दाखवत होतो चंद्र एक्झॅक्टली कुठे आहे ते, आणि अब्बा ऐकतच नव्हते, आपली नळी इकडेतिकडे हलवत होते, सगळे ताटकळलेले. मी बोलून गेलो, या भंगारातून काय दिसणार. सगळे हसले. अब्बापण हसले. ते चिडले असते तर मी तिथेच पाय धरले असते. पण ते हसले.

गुडघ्यांना काही झालेलं नाही म्हणजे काय? मग काय झालंय? नीट लिही ना, प्लीज.

कामरान


खडकी,
१ मार्च

कामरान,

साहेब काढून टाकलंय. हुरळून जाऊ नकोस, चुका काढल्याच आहेत, लाल शाईने. मंतशाला दाखवल्या.

अब्बांची मान हलते. हातही. दोन वर्षं होत आली. औषध चालू आहे, त्याने थांबत नाही, जरा कमी होतं एवढंच. तुला कळवलं नाही, कारण तू विचारलं नाहीस, आणि न विचारणाऱ्याला सांगत बसायला मी काही आकाशवाणी नाही. आता विचारलंस. म्हणून पुढचंही सांगते, आणि हे तू मेल्यावरही कुणाला बोलायचं नाहीस.

तुला आठवतं ना, अब्बा ‘दिसला’ म्हणेपर्यंत आपल्या आळीत कुणी एकमेकांना मुबारक म्हणत नसे. शहरातल्या चांद कमिटीने काय जाहीर करायचं ते करावं, आपल्या गच्चीवर युसूफचाचांचा शब्द. त्या ढगाळ वर्षी सगळे मागे लागले होते, चाचा, असेल हो ढगाआड, म्हणून टाका. अब्बा काय म्हणाले? “मला दिसला नाही. ज्याला दिसला त्याने सांगावं.” पोरं शिव्या घालत जिना उतरली, पण त्या दिवसापासून त्यांच्या शब्दाला वजन आलं.

गेल्या वर्षी चांदरातीला गच्ची भरली होती. अब्बा दुर्बिणीला डोळा लावून उभे. त्यांच्या जुन्या आयपीसला डोळा बरोबर एका जागी धरावा लागतो, मान हलली की अंधार. पाच मिनिटं झाली, दहा झाली. कुणीतरी मागून हळूच म्हणालं, “चाचा, आता ही बदला.” बस. तुझंच वाक्य, फक्त जरा अदबीने. अब्बांनी डोळा काढला आणि म्हणाले, “दिसला.”

सगळे त्यांच्या गळ्यात पडायला धावले. मी दुर्बिणीत डोकावले. समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी होती, कामरान. टाकीवर काळ्या अक्षरांत कंपनीचं नाव. मी गुपचूप नळी फिरवली, चंद्र शोधला आणि लोकांना रांगेत उभं केलं. चंद्र होता, नंतर नुसत्या डोळ्यांनीही सगळ्यांना दिसला, त्यामुळे कुणाचं काही बिघडलं नाही. अब्बांचं बिघडलं. त्या रात्री त्यांनी दुर्बिणीवर चादर टाकली, ती अजून तशीच आहे. ज्या माणसाने जन्मात खोटा शब्द काढला नाही, त्याने काढला तो ईदच्या चंद्रापायी, आणि तो तुझ्या त्या एका शब्दाला घाबरून. तुला वाईट वाटावं म्हणूनच हे लिहितेय. वाटू दे.

मी पाहिलं हे त्यांना माहीत नाही. कळूही द्यायचं नाही.

आता तुझा प्लॅन. शाबास! जुनी बाजूला करतो म्हणे. म्हणजे आधी भंगार म्हणायचं आणि मग चारचौघांत भंगारात काढायचं. ती संगणकाची दुर्बीण घेऊन आलास तर पहिल्या पायरीवरूनच परत पाठवीन, ट्रॅफिक असो नसो. आणायचा फक्त आयपीस.

आणि इथे तुझ्या शहाणपणाची गंमत बघ. तुझ्या आखूड नळीत स्वस्त आयपीस कडेला घाण करतो, हे मागच्या पत्रात लिहिलंच आहे. अब्बांची नळी लांब आहे, माणसाएवढी, आरसा त्यांनी हाताने घासून केलेला. लांब नळीत प्रकाश सरळ येतो. तोच स्वस्त आयपीस तिच्यात कडेपर्यंत स्वच्छ दाखवतो. तुझ्या विमानाला जे पचत नाही ते त्या भंगाराला सहज पचतं. ही माझी माया नाही, हे भिंगांचं गणित आहे, ॲपमध्ये शोध.

चोवीस मिलिमीटरचा घे, अडुसष्ट अंशांचा. सव्वा इंचीच. दोन इंची जाडजूड आणशील तर बसणार नाही, मग मिरव हातात धरून. चष्म्यासकट, डोळा जरा लांब ठेवून पूर्ण दिसतं ना, ते दुकानात स्वतः बघून घे, तुला चष्मा नाही, तर त्या दुकानदाराचा लावून. याच्यातून प्रकाशाचा झोत जाड निघतो, मान हलली तरी डोळा त्यातच राहतो. शिवाय आकाश पुष्कळ दिसतं, टाकीवरून चंद्रावर यायला वेळ लागत नाही.

मीच का नाही आणला, विचारशील. मी आणला तर अब्बांना कळेल की मी टाकी पाहिली. तू आणलास तर ती तुझी माफी होईल. तुझ्याकडून त्यांना तेवढंच येणं आहे. तोंडाने म्हणायचीही गरज नाही, तुला जमत नाही ते आम्हाला माहीत आहे. चादर काढ, आयपीस बसव आणि म्हण, “अब्बा, याच्यात जरा बघून सांगा, बरा आहे का?” ते भिंग हातात घेऊन आधी दहा दोष काढतील. माझा स्वभाव काही आकाशातून पडलेला नाही. काढू दे.

सूर्य पुरता बुडाल्याशिवाय झाकण काढायचं नाही, हे तुला सांगावं लागतंय याचीच मला लाज वाटते. फोन खिशात. ॲप बंद. चंद्र तुला आधी दिसला, उभ्या आळीला दिसला, तरी तोंड उघडायचं नाही. अब्बा म्हणतील तेव्हा.

आणि नाहीच दिसला, ढग आले, हात थांबलेच नाहीत, तर त्यांना सगळ्यांसमोर “मला दिसला नाही” असं म्हणता आलं पाहिजे. गेल्या वर्षी त्यांना तेच जमलं नाही. ते म्हणतील तेव्हा कुणीतरी हसेल. हसणाऱ्याकडे तू बघायचंस, अब्बांच्या शेजारी उभं राहून. नुसतं बघितलंस तरी पुरे. तेवढ्यासाठी तुला बोलावतेय, आयपीस काय, मंतशासुद्धा आणेल.

वाट बघते असं मी लिहीत नाही. जिन्यातला दिवा गेला होता, तो आज बदलून घेतला.

भंगाराची राखणदार,
तुझी जिनत आपा