अर्ध्या गोळीचा उतारा

टेंभुर्णी

आमच्या घरच्या होणाऱ्या सिस्टर चि. प्रीती यांस आजीचा जय भीम अन् डोक्यावरून हात. (दवाखान्यात म्हातारेसुद्धा तुला सिस्टर म्हणतात म्हणे, मंग मी तुझी आजी की धाकटी बहीण, ते एकदा ठरव.) मेसची भाकर भाजलेली असते का? इकडे सगळे बरे आहेत, एक मी भ्याले आहे. फोन केला असता, पण तुझा बाप फोन मोठ्या आवाजात लावून अंगणात ठेवतो. म्हणून तुझ्या मायला बसवून लिहून घेते. (बेबीनंदा, तू नुसतं लिही, वाचू नको.)

सुट्टीत तू येरझाऱ्या घालत झोपेच्या अन् घोर घालवायच्या गोळ्यांचा धडा पाठ करत होतीस. मी गोधडीत पडून सगळं ऐकलं. गोळी डोक्यातली धावपळ हळू करते, सवय लावते, म्हाताऱ्या माणसाचा तोल घालवते, आठवण पुसते. दारूसंगं घेतली तर श्वासच मंदावतो. अन् भिऊन एकदम सोडली तर अंग थरथरतं, झटके येतात. म्हणजे घेतली तर पडायचं, सोडली तर थरथरायचं! पोरी, तुझ्या पुस्तकातली ती म्हातारी मीच. जाफराबादच्या डॉक्टरनं थोड्या दिवसांसाठी दिल्ती. मीच तिला पाहुणीसारखी ठेवून घेतली. रिकामं पाकीट दाखवून मेडिकलवरून आणते अन् हळदीच्या डब्यात लपवते.

खरी भीती पुढं आहे. रोज अर्धी मोडते, उरलेली अर्धी उद्यासाठी ठेवते. उद्या पाहावं तर अर्धी गायब! म्हणजे मीच घेते अन् विसरते, बराबर तुझ्या धड्याप्रमाणे. घाबरून आठवण तपासली. शेळ्यांची नावं आली, लग्नातला उखाणा न अडखळता आला, तुझ्या गेलेल्या आजोबांवर काय काय राग धरलाय तेही बिलकुल जागच्या जागी सापडलं. गोळी तेवढी आठवत न्हाई.

मंग ध्यानात आलं, तूच म्हणली होतीस, जास्त झाली तर दवाखान्यात याला उतारा असतो. तुझ्या बापाला म्हणलं, भारत, मला जल्दी उतारा आणून दे. गेला अन् तलाठ्याकडून शेताचा सातबारा उतारा घेऊन आला! आता त्याला वाटतं, माय वाटण्या करून जायला निघाली. येता-जाता माझे पाय दाबून राह्यलाय. शेजारच्या द्वारकाबाईनं ऐकलं, तर तिनं भाकर अन् लिंबू माझ्यावरून उतरवून चौफुलीवर ठेवलं. आपण असलं मानत न्हाई, पण लिंबू रसाळ होतं, उचलून आणून वरणात पिळलं. भीती होती तशीच राह्यली.

भिंत धरून चालणारी,
तुझी आजी चतुराबाई

ता. क. : मला तुझ्याकडून काही नको. अभ्यास कर.

दुसरा ता. क. : वर ‘अर्धी गायब’ लिहिताना तुझ्या मायचा पेन अडला होता. आता डोळे पुसत म्हणते, आत्या, ती अर्धी मी घेत होते. प्रीती हॉस्टेलला गेल्यापासून माझा डोळा लागत न्हाई. म्हणजे भिंतीच्या इकडून मी अन् तिकडून ती, एकमेकींपासून चोरून एकच गोळी खात होतो! माझी आठवण शाबूत आहे. (तिला वाचू नको म्हणलं होतं, तेही आठवतं.)

तिसरा ता. क. : मेडिकलवाला आता चिठ्ठीशिवाय देत न्हाई. डब्यात एकच गोळी उरली, आज अर्धी-अर्धी घेऊ. उद्या गोळी न्हाई, मंग काय होतं ते झटक्यांचं पान तूच मोठ्यानं वाचलं होतंस. द्वारकाबाईचा मालक कडूबा तुझ्या जालन्याला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देऊन राह्यले. मिळाल्याबरोबर बसनं ये अन् आम्हा दोघींना डॉक्टरकडे ने. बापानं विचारलं तर सांग, उतारा आणायला चाललो.