पडद्यावरच्या लाल नद्या

बाई, तुम्ही जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण कोणाच्या डोळ्यात वाकून पाहताना मला अजून चंद्रपूरच्या दवाखान्याचा तो व्हरांडा आठवतो. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी नवी डॉक्टर, तुमच्या हाताखाली डोळ्यांचं काम शिकत होते. भद्रावतीकडून एक कोळशाचा ट्रक चालवणारा बायकोबरोबर आला. अंग वाळून काटकी झालेलं, उजव्या डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगत होते. मुंबईहून रक्ताचा निकाल आला आणि दवाखान्यात एड्स हा शब्द कुजबुजत फिरला. त्याची खाट व्हरांड्याच्या टोकाला गेली. जेवणाचं ताट लांबूनच सरकवलं जायचं.

तुम्ही मात्र रोज त्याच्याजवळ जाता. हातातल्या भिंगाच्या दिव्यानं डोळ्याच्या आतला पडदा पाहायचा तर गाल गालाला टेकतो, त्याचा श्वास आपल्या तोंडावर येतो. तुम्ही तशाच वाकता, घाई न करता. मी थक्क होऊन बघत उभी.

"बाई, काय दिसून राह्यलं आतमधी?"

"पांढरे डाग आहेत भाऊ, रक्तही सांडलंय. या डोळ्याची नजर परत यायची नाही. आपल्याकडे यावर औषध नाही."

"अन् दुसरा?"

"आज चांगला आहे. पुढचं मला सांगता येत नाही."

तेव्हा त्याची बायको पुढे आली. "मले पाहू द्या चांगला डोया." तुम्ही दिवा तिच्या हातात दिलात, तिचं डोकं धरून वाकवलंत. तिनं एक डोळा मिटून दुसरा दिव्याच्या भिंगाला लावला. मग एकदम, "अवो, आत तं पिवळा सूर्य हाये! लाल नद्या वाहून राह्यल्या!" डोळ्याच्या नसेचं गोल टोक आणि रक्तवाहिन्या, आपण रोज पाहायचो त्याच.

"माह्या डोयात?" तो पहिल्यांदाच हसला.

पुढे तोही डोळा गेला आणि धान कापणीच्या आधी तो वारला. बायको मुद्दाम सांगायला आली होती. "आखरीले त्याले काईच दिसे नाई, बाई. मीच सांगत होती, आत सूर्य हाये तुह्या." तुम्ही तिचे हात धरून बसून राहिलात.

आज माझ्याकडे त्याच आजाराची एक बाई आली होती. वर्षानुवर्षं गोळ्या घेते, शेती करते. तिचा पडदा लख्ख होता. तपासून झालं तरी मी दिवा बाजूला केला नाही. "काई खराबी हाये का?" तिनं घाबरून विचारलं. मी नाही म्हटलं. नुसतंच सुंदर दिसत होतं म्हणून पाहत राहिले, हे तिला सांगायला लाजले. तुम्हाला सांगते आहे, कारण हा कागद कुठे जाणार नाही.