नियेलेचा चेहरा आणि मोलोबालीची जीभ

३ नोव्हेंबर

आज नियेले ओढणी नाकापर्यंत ओढून जेवायला बसली. घास आत जाताना ओढणी वर, मग पुन्हा खाली. बायको असितान माझ्याकडे बघत होती, मी ताटाकडे. पोरगी एकवीस वर्षांची झाली. ‘वय सरलं की मुरुमं जातात’ असं आख्खं सेगू शहर म्हणत होतं. वय सरलं, मुरुमं राहिली — पाहुणे म्हणून आली आणि घरजावई झाली.

हात धुताना म्हणाली, “बाबा, जानेवारीत सराव पाठ आहेत. वर्गभर पोरांसमोर उभं राहायचं. मी नाही जाणार.”

पाठ नाही तर शिक्षिकेची परीक्षा नाही. मी शिंपी. बाही आखूड झाली तर तुकडा जोडतो. इथे काय जोडू ते कळेना.

६ नोव्हेंबर

सल्ल्यांचा पूर आलाय. सासूबाई: शियाच्या बियांचं लोणी चोळा. शेजारची फान्ता: लिंबू. मशिदीशेजारची म्हातारी: “लग्न लावून दे, आपोआप जातात.” मी विचारलं, जावई दिवसातून दोनदा द्यायचा, की रात्री जेवल्यावर एकदाच? म्हातारी रुसली.

७ नोव्हेंबर

असितानने बाजारातून गोरं करणारी ट्यूब आणली. मी गुपचूप लांबवली आणि दुकानाच्या बिजागरीला फासली. करकर थांबली. बिजागरी काही गोरी झाली नाही.

१२ नोव्हेंबर

नियेलेला मोटारसायकलवर मागे बसवून इस्पितळात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण, पण जरबेच्या. लोणी बंद, लिंबू बंद. साध्या साबणाने तोंड धुवायचं, मलम रात्री, वाटाण्याएवढं. आधी वाढेल, मग हळूहळू कमी होईल, तीन महिने धीर धरा. नियेलेने सगळं ऐकलं, एकदाही वर पाहिलं नाही.

दारात बाई मला म्हणाल्या, “आणि घरच्यांनी सारखं तिच्या चेहऱ्यावरून बोलू नये.”

घरच्यांना सांगितलं. मग वाटलं, गल्लीलाही सांगून टाकावं. कापड हातात आलं की थोडं जास्तच कापायची माझी सवय!

१३ नोव्हेंबर

फान्ता गप्प. म्हातारी आधीच गप्प. राहिला कोपऱ्यावरचा मोलोबाली ज्यारा, निखाऱ्यावर मटण भाजणारा. तो ज्यारा, आम्ही त्राओरे. वाडवडिलांपासून ज्याराने त्राओरेला वाट्टेल ते बोलावं, त्राओरेने ते व्याजासकट परत करावं, आणि रागवायचं कोणीच नाही. ठरलेली शिवी एकच: मी त्याला चवळीखाऊ म्हणतो, तो मला. नियेले दिसली की हा ओरडणार, “बघा, त्राओरेंनी इतकी चवळी खाल्ली की पोरीच्या गालावर उगवली! कापणी कधी गं?”

म्हटलं, हे बंद कर.

सुरी खाली ठेवून बघतच राहिला. “ज्याराने त्राओरेला बोलायचं नाही? मग मी कोण, परका?”

“पोरीसाठी,” मी म्हणालो.

“बरं,” म्हणाला. तोंड असं केलं की जणू मी त्याचा बोकड सोडून नेला.

१९ नोव्हेंबर

मोलोबाली शब्दाला जागतोय. आज नियेले समोरून गेली तर उठून उभा राहिला. “मुली, रात्र सुखात गेली ना? आई बरी? वडील बरे?” मला हसू आवरेना. दुकानात शिरून कापडात तोंड लपवलं. एका दगडात आख्खी गल्ली गार केली, असं वाटलं.

२४ नोव्हेंबर

मलम झोंबतंय. कातडी सोलतेय, मुरुमं वाढलीत. बाईंनी सांगितलंच होतं. तरी बघवत नाही.

२ डिसेंबर

नियेले दोन दिवस खोलीतून बाहेर आली नाही. आज मी लापशीचा वाडगा घेऊन आत गेलो आणि खाली बसून राहिलो. 

“बाबा, माझं तोंड खरंच इतकं वाईट दिसतं?”

“कोण म्हणालं?”

“कोणीच नाही. तेच तर. मोलोबाली काकासुद्धा काही बोलत नाहीत. आजोबा गेले तेव्हा ते कबरीच्या खड्ड्यात उतरून आडवे झाले होते. म्हणाले होते, चवळीखाऊला पुरायचं तर आधी मला बाहेर काढा. सगळे रडता रडता हसले. मयतीतही जो गप्प बसला नाही, तो मला बघून ‘मुली, आई बरी?’ विचारतो. म्हणजे माझं मेल्याहूनही वाईट असणार.”

लापशी गार झाली. हे मी केलंय, हे सांगायला जीभ उचलेना. इतका मूर्ख बाप मी अजून पाहिला नाही, आणि रोज आरशात बघतो.

३ डिसेंबर

सकाळीच मोलोबालीकडे गेलो. “तुझी जीभ तुला परत.”

“फुकट?” त्याने मला गिऱ्हाइकांसमोर उभं केलं. “मोठ्याने म्हण — आम्ही त्राओरे, जन्मजात चवळीखाऊ.” म्हटलं. त्याने बहिऱ्याचं सोंग घेतलं. पुन्हा म्हटलं. पलीकडच्या गॅरेजातली पोरं बघायला आली.

५ डिसेंबर

नियेले साबण आणायला निघाली, ओढणी डोळ्यांपर्यंत. मी शिलाईयंत्र थांबवलं. मोलोबालीने सुरी हवेत फिरवली —

“ए त्राओरेची! शेत झाकून ठेवलंस? मी काय चवळी चोरणार आहे?”

गिऱ्हाइकं गोठली. नियेले थांबली. मग तिने सावकाश ओढणी खाली केली — लालभडक, सोललेला चेहरा, भर उन्हात — आणि म्हणाली, “काका, माझ्या गालावर निदान काहीतरी उगवतं. तुमच्या डोक्यावर काय पेरलं होतं?”

मोलोबाली टक्कल धरून जमिनीवरच बसला. हसता हसता त्याला ठसका लागला. पोरीला कागदात बांधून मटण दिलं. वर म्हणाला, “खा, चवळीची सवय सुटेल.”

मला डोळे पुसावे लागले. गिऱ्हाइकाला सांगितलं, धूर.

८ जानेवारी

पहिला पाठ. नियेले ओढणी घरी ठेवून गेली. मी दिवसभर एकाच सदऱ्याला दोन डाव्या बाह्या लावत बसलो.

संध्याकाळी आली ती बोलतच. पहिल्या बाकावरच्या पोराने विचारलं, “बाई, तुमच्या तोंडाला काय झालंय?”

“मग?”

“मी विचारलं, आडनाव काय तुझं? म्हणाला, ज्यारा. म्हटलं, मग विचार, तुझा हक्कच आहे, चवळीखाऊ! बाबा, आख्खा वर्ग बाकांवर चढला. ज्यारा एकीकडे, त्राओरे एकीकडे. गणित राहिलंच.”

मुरुमं आहेत अजून. मी मोजत नाही.

१६ फेब्रुवारी

मोलोबाली मला बघून उठून उभा राहिला. “त्राओरेसाहेब, रात्र सुखात गेली ना? तब्येत बरी?” चवळी नाही, काही नाही. घरी जाऊन आरसा पाहिला, जीभ पाहिली, असितानला विचारलं, माझ्यापासून काही लपवताय का. परत धावलो. “ज्यारा, खरं सांग, मला काय झालंय?”

“काही नाही, साहेब. माझी जीभ तुम्हीच बांधली होती, हे मी नियेलेबाईंना सांगून टाकलं. त्यांचा हुकूम आहे. म्हणाल्या, बाबांशी आठवडाभर असंच बोला, मग त्यांना कळेल कसं वाटतं ते.”

मागे आमच्या फाटकात पोरगी उभी होती. ओढणी नाही, चेहरा उघडा, पोट धरून हसत होती.