चार अक्षरांची जागा

मानी, ग्रीस, १४ सप्टेंबर १९८८

प्रिय मेताक्सिया,

तुझा पत्ता तुमच्या शेजारच्या स्तामातिसकडून घेतला. तो ऑगस्टात मेलबर्नहून आला, तेव्हा तुझा पनागोस गेल्याचं त्यानेच सांगितलं. सत्तावीस वर्षांत मी तुला चार ओळीही खरडल्या नाहीत, आणि आता लिहितेय ती तू एकटी पडल्यावर. गेलेल्या माणसाबद्दल शब्द जुळवणं मला किती सहज जमतं, ते तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? म्हणून इथे जुळवत नाही.

इकडे यंदा ऑलिव्ह कमी धरलेत. थेओनी मावशीची दृष्टी गेली, पण पाव अजून स्वतःच भाजते, भट्टीशी हात नेऊन ऊब बघते. माझ्याकडे दोन शेळ्या आहेत. गुडघे कुरकुरतात. बाकी बरं आहे.

जुलैत अथेन्सच्या विद्यापीठातून एव्हान्थिया नावाची एक मुलगी टेपरेकॉर्डर घेऊन आली होती. आपल्याकडची विलापगीतं गोळा करून तिला पुस्तक करायचंय. अंगणात बसून तिने मला गाणी कशी बांधतात ते विचारलं. आईने लोकर पिंजता पिंजता आपल्याला शिकवलं, तेच मी सांगितलं. ओळ आठ अक्षरांची. पाळण्याच्या गाण्यात वाटेल ते कबूल करावं, लग्नाच्या गाण्यात थोडं चिडवावं, विलापात मात्र गेलेल्याशी समोर असल्यासारखं बोलावं. उपमा घरातलीच घ्यावी, विझलेल्या चुलीची नाहीतर उसवलेल्या शिवणीची. तुझी नेहमी नऊ अक्षरं व्हायची आणि आई पिंजणीच्या दांड्याने तुझ्या बोटांवर टिचकी मारायची, तेही सांगितलं. पोरगी खूप हसली.

मग ती म्हणाली, "दिकेओसचं विलापगीत म्हणाल? चार गावांत ऐकलंय. सगळे सांगतात, बांधणारी तुम्हीच."

मी म्हटलं. सगळंच्या सगळं म्हटलं.

तो दिवस तुला मी काय सांगायचा? तुझ्या लग्नाला सहा महिने झाले होते. तुझा नवरा आणि आपला भाऊ जाळं काढायला गेले आणि पनागोस एकटाच परत आला. दुसऱ्या दिवशी लाटांनी दिकेओसला वाळूवर आणून टाकलं. आईच्या तोंडून आवाज फुटेना. इतकी वर्षं साऱ्या गावाच्या मयताला गाणारी बाई पोटच्या मुलापुढे मुकी बसली होती, आणि बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी तोवर कधी पुढे होऊन गायले नव्हते. आधी शिरस्त्याप्रमाणे समुद्रालाच बोलले:

समुद्रा रे, हात तुझा
कुठे कुठे पोचतो रे

बायका रडल्या, पण नेहमी रडतात तशा. दुसऱ्या फेरीला पनागोस दारात येऊन उभा राहिला. 'समुद्रा रे' चार अक्षरं, 'पनागोस' चार अक्षरं. त्या जागी ते नाव नेमकं बसलं:

पनागोस, हात तुझा
कसा कसा सुटला रे

घरात एकदम कल्लोळ झाला. तसं रडणं मी आईच्या गाण्यालाही ऐकलं नव्हतं. आणि मेताक्सिया, भावाचं प्रेत पुढ्यात असताना मला बरं वाटलं. आपल्याला येतंय, आईपेक्षाही चांगलं येतंय, असं वाटलं. म्हणून तेच कडवं मी पुन्हा घेतलं. तीनदा घेतलं.

पुढचं तुम्ही भोगलंत. आठवड्यात ते कडवं शेजारच्या गावांत पोचलं. कॉफीच्या दुकानात पनागोस आला की लोक खुर्च्या फिरवून बसायचे. सूड घ्यायला काकांनी बंदुका उतरवल्या. फेब्रुवारीत तुम्ही ऑस्ट्रेलियाच्या बोटीवर चढलात. तुझी पत्रं आई न फोडता परत पाठवायची, ती पोस्टात टाकायला मीच जायचे.

मी तर प्रश्न विचारला होता, आरोप कुठे केला होता, अशी मी इतकी वर्षं स्वतःची समजूत घातली. एव्हान्थियाने मशीन बंद करता करता सहज विचारलं, "पण हात त्यानेच सोडला, हे तुम्हाला कसं कळलं?"

मी त्या दिवशी खाली खडकांवर मीठ खरवडत होते. दक्षिणेचा वारा अचानक उठला आणि होडी उलटली, ती मी पाहिली. पनागोसने दिकेओसला दंडाला धरून ठेवलं होतं. लाटेने दोघांना वेगळं केलं. त्यानंतर तो तीनदा खाली गेला. तिसऱ्या वेळी इतका वेळ वर आला नाही, की मला वाटलं हाही गेला. त्याने मला पाहिलं होतं. मदतीसाठी मलाच हात करत होता. म्हणून दारात उभा राहून तो माझ्याकडेच बघत होता. मी खरं सांगेन म्हणून वाट बघत होता.

त्या संध्याकाळी आईने मला कोपऱ्यात घेतलं. म्हणाली, "नाव घेतलंस, म्हणजे ती साक्ष झाली. तू खडकावर होतीस. डोळ्यांनी पाहिलंस?"

मी "हो" म्हटलं.

त्याने तुला हे सांगितलं होतं का? स्तामातिस म्हणतो, पनागोस तिकडे कधी होडीत बसला नाही, किनाऱ्यावर नेलं तरी पाण्याकडे पाठ करून बसायचा. पण माझ्याबद्दल वाईट बोलल्याचं त्याने ऐकलेलं नाही.

एव्हान्थियाला मी मशीन पुन्हा सुरू करायला लावलं आणि हे सगळं सांगितलं. ती बिचारी हळूच म्हणाली, ते कडवं गाळता येईल. मी नको म्हटलं. गाळलं तर लोकांच्या तोंडी जुनंच राहील. गायलं तसंच छाप, आणि खाली साध्या शब्दांत छाप, की हे खोटं आहे आणि बांधणारीला तेव्हाही ते ठाऊक होतं. तिने ते कागदावर उतरवून घेतलं आणि खाली मी सही केली.

तरी पनागोस हयात असताना तुम्हाला कळवण्याचा धीर मला झाला नाही. मनाची तयारी करत होते, तोवर स्तामातिस ती बातमी घेऊन आला.

गेल्या रविवारी प्रार्थना संपल्यावर चर्चच्या अंगणात मी तो कागद वाचून दाखवला. पुरुष एकेक करून निघून गेले. थेओनी मावशीने काठी टेकत जवळ येऊन माझा चेहरा चाचपला. म्हणाली, "मग तुझी आई वर काय घेऊन गेली गं?"

कागदाची नक्कल सोबत आहे. पुस्तक नाताळच्या आधी छापायला जाईल. काही कमी वाटलं तर वाढव, माझी बाजू घेतल्यासारखं कुठे वाटलं तर खोड. खाली अर्धं पान कोरं ठेवायला सांगितलंय. ते पनागोसचं आहे. तू लिहिलंस तर तुझं छापतील, नाही लिहिलंस तर कोरंच छापतील. मी त्यात काही भरणार नाही.

मला उत्तर देऊ नकोस असं म्हणत नाही. देशील अशी आशा धरायचा मला हक्क नाही, एवढंच.

दिकेओसची बहीण, तुझी म्हणायला धजत नाही,
लिगेरी