विश्रामदादांचे नाव

डिचोली, ११ फेब्रुवारी २०२५

लिहिण्याचे धाडस करते आहे, क्षमा असावी. देवळाच्या पायरीखाली उभे राहून ढोल वाजवणाऱ्या विश्रामदादांना मी माझ्या एकांकिकेत गाभाऱ्यापर्यंत नेले, तेही खऱ्या नावानिशी.

दुपारी संहिता वाचून देवस्थान समितीचे तात्या घरी आले. आवाज मुळीच चढवला नाही. “बाय, नाटक बरा लिवलंस. फक्त विश्रामाक भायरच रवांदी. त्याचा घर देवळाच्या जमिनीत आसा, खबर आसा मगे?”

माझ्या घराबद्दल ते का बोलले नाहीत? लिहिले मी, आणि छप्पर जायचे ते दादांचे.

तशीच त्यांच्याकडे गेले. ते ढोल शेकत बसले होते. एकांकिका स्पर्धेची मुदत आजच संपते, नाव बदलू का, असे विचारले.

“बदललंस तरी गाव वळखतलो. आमच्याशिवाय भायर कोण उबो रवता? तसाच धाड.”

वहिनी घराचे कागद एकेक करून पिशवीत भरू लागल्या.

तात्यांनी आवाज चढवला असता तर मी एवढी घाबरले नसते. दादांनी होकार दिला. वहिनींना मात्र मी विचारलेच नाही.

एकांकिका पाठवली, नाव न बदलता: ११ फेब्रुवारी २०२५, सायंकाळी ७ वाजून ५२ मिनिटे.