बाबांची जीप ओढेल का?

३ मार्च
दादाचं ठरलं! नव्या गावी वर्कशॉपला जागा मिळाली. सुतारकामाची सगळी यंत्रं ट्रेलरवर चढवायची, ट्रेलर बाबांच्या जीपला जोडायचा. दोन दिवसांचा रस्ता, बराचसा चढाचा. दादा म्हणतो, 'बाबांनी हिच्यातून अख्खं बिऱ्हाड हलवलं होतं!' — पण ते आत बसलं होतं, मागे लटकलं नव्हतं. जीपची तपासणी त्याने माझ्याकडे दिली. 'तुझ्याइतकं किरकिरं घरात कोण आहे?'

५ मार्च
ब्रेक नवे घातले. रेडिएटर साफ. आई पायरीवरून, 'तुमच्या बाबांनी हिच्यामागे कधी सायकलसुद्धा बांधली नाही.'

८ मार्च
जीपखाली शिरले. ट्रेलर अडकवायचा हूक बसवायचा तिथेच गंज! स्क्रू ड्रायव्हरने टोचलं तर पापुद्रा सुटून आला.

आणि मला बरं वाटलं. लिहायलाच हवं — बरं वाटलं! दादा गेला की आई माझ्या एकटीवर. औषधं, दवाखाना, रुसवे, सगळं. मग गंज खरंच एवढा आहे, की मला तो एवढा हवा आहे? कळत नाही. तरी संध्याकाळी दादाला म्हटलं, जाणं रद्द कर.
'तुला खोट सापडली की जेवण गोड लागतं!' ताट तसंच सोडून उठला. आई दोघांकडे बघत राहिली.

९ मार्च
गॅरेजवाले काका येऊन गेले. खालून ठोकून बघितलं. 'सडलंय तेवढं कापू, जाड पट्टी वेल्ड करू. ओढेल. फक्त पळवू नका.' नक्की ना, असं मी तीनदा विचारलं. 'ताई, तुम्हाला काय ऐकायचंय ते एकदा सांगून टाका!'
'करा वेल्ड,' म्हटलं.

११ मार्च
भरलेला ट्रेलर मीच चढावर नेऊन आणला. रडतखडत, पण ओढते. दादाला तसं सांगितलं. तोंड वाकडं न करता.

१२ मार्च
उद्या पहाटे निघायचं. हुकावर भार किती येतो ते बघायला दादाने वजनकाटा दारात आणला, ट्रेलरचं नाक त्यावर टेकवलं. भार बरोबर आला. तो काटा उचलणार, तेवढ्यात आई पुढे झाली. चपला काढल्या, काट्यावर उभी राहिली.
'माझंही धर त्यात,' दादाला म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, 'हिला जरा मोकळं होऊ दे.'