जोडीतला एक पत्ता

गुरुवार, संध्याकाळ. नारायण पेठ.

बारावीतल्या मुग्धाला पत्त्यांवर गुणसूत्रं शिकवली, एक पत्ता म्हणजे एक गुणसूत्र. बावन्नातले सहा काढले, उरलेल्यांच्या तेवीस जोड्या लावल्या. ही शरीरातली पेशी. बीजपेशीत प्रत्येक जोडीतला एकच पत्ता जातो, म्हणून डीएनए निम्मा. कॉलेजात न जाता इतकं नेमकं सांगतो मी!

"अहो प्रोफेसर, चहा गार होतोय," ही आतून म्हणाली.

मुग्धाने विचारलं, "बाबा, कुठला पत्ता जाणार हे कोण ठरवतं?"

"कोणीच नाही. दोन्हींना सारखीच संधी."

"मग आजोबांच्या हातांची थरथर? डॉक्टर म्हणाले होते ना, आनुवंशिक आहे. तो पत्ता तुमच्याकडे आला?"

नाही म्हणायचं होतं. पण हातातला पत्ता कधीपासून हलत होता? पंखा तर बंद होता. तिने आधी तो पत्ता पाहिला, मग हळूच स्वतःची बोटं.